आपली कावड, दुसऱ्याची कावड



वयपरत्वे माझी कीर्तनाची सेवा थांबली. आवाज साथ देत नाही, गुडघे तासभर उभे राहू देत नाहीत. तरी माणसे घरी येतात. कोणी ओवीचा अर्थ विचारतो, कोणी एकादशी कोणत्या दिवशी धरावी ते विचारतो. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न वरचेवर येतो. कधी गंगापूरकडचा शेतकरी असतो, कधी वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेला कामगार, कधी गळ्यात माळ असलेली एखादी बाई. इकडचे तिकडचे बोलून झाले की खाली मान घालून विचारतात, "महाराज, पोराची दारू सुटायला त्याला केंद्रात ठेवा म्हणतात. महिन्याचे बरेच पैसे पडतात. एवढा पैसा घालावा का?"

त्यांना जे सांगतो तेच येथे सविस्तर मांडतो. कारण असे विचारायला घराबाहेर पडणारे थोडे, आत कुढत बसणारे फार. केंद्र सरकारने २०१९ साली देशातल्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. दिल्लीच्या एम्स संस्थेने ती केली होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दवाखान्यात राहून उपचार घेतलेला माणूस १८० मध्ये एक, असे तिच्यात दिसले. उरलेल्या १७९ घरांत काय चालले असेल, ते आपल्या गल्लीतूनही आपल्याला ठाऊक आहे.

प्रश्न पैशाचा दिसतो. पण घरातला पैसा कधी एकट्याचा नसतो. त्यात म्हातारीचे औषध असते, नातीची फी असते, सुनेचे कष्ट असतात, पुढच्या पेरणीचे बियाणे असते. म्हणून खरा प्रश्न असा आहे: एकाला वाचवण्यासाठी बाकीच्यांच्या वाट्यातले किती काढून घ्यावे? असा मांडला की हा धर्माचा प्रश्न होतो, आणि वारकऱ्याने त्याचा विचार करायला हवा.

त्याआधी दोन शंका फेडून घेऊ.

पहिली शंका अशी, की तो स्वतःच्या हाताने प्यायला, कोणी तोंडात ओतली नाही. मग त्याच्या कर्माचा खर्च घराने का करावा? याचे समाधान असे. गाडी वेगाने हाणून कोणी पाय मोडून घेतला तरी आपण आधी हाड बसवतो, बोल नंतर लावतो. दारूची सुरुवात इच्छेने होते हे खरे. पण वर्षानुवर्षांच्या पिण्याने शरीर आणि मन असे बदलते की पुढे इच्छा असूनही सुटत नाही. वैद्यकशास्त्र याला आजार मानते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. जबाबदारी त्याची आहेच. पण जबाबदारी उचलायला आधी माणूस उभा राहायला हवा.

दुसरी शंका आपल्याच मंडळींची. माळ घाला, वारीला न्या, आपोआप सुटते. डॉक्टरला पैसे कशाला? माळेने पुष्कळांची दारू सुटली आहे, मी डोळ्यांनी पाहिले आहे. माळ हे व्रत आहे, आणि व्रताचे बळ मोठे असते. पण रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना नाही ते दिसू आणि ऐकू येऊ लागते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. अशा माणसाला थेट दिंडीत उभे करणे ही भक्ती नव्हे, अविचार आहे. त्याला आधी डॉक्टरपुढे न्यावे. शरीर स्थिर झाले की माळ घालावी. मग ती टिकते. शरीर तयार नसताना घातलेली माळ चार दिवसांत तुटली, तर त्या माणसाला देवाच्या दारातही तोंड दाखवायची लाज वाटू लागते. एक दार आपणच बंद केल्यासारखे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किती खर्च करावा?

लोक केंद्राची फी ऐकून दचकतात. पण घरात आजवर काय गेले याचा हिशोब कोणी मांडलेला नसतो. तो आधी मांडावा. समजा एक जण रोज दीडशे रुपयांची पितो. वर्षाचे झाले ५४,७५० रुपये. समजा आठवड्यात दोन दिवस कामावर जात नाही आणि रोज पाचशे बुडतो. वर्षाचे ५२,००० झाले. दोन्ही मिळून लाखाच्या वर गेले. अजून गहाण टाकलेली मोटारसायकल, बचत गटाच्या कर्जाचे थकलेले हप्ते आणि भांडणात फुटलेली भांडी धरलेली नाहीत. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले. आपापल्या घरचे आकडे घालून बघा. घर खर्च तर रोज करतेच आहे. तोच पैसा आजार वाढवण्याकडे जातो आहे, तो उपचाराकडे वळवता येईल का, एवढेच पाहायचे आहे.

पण या हिशोबाचा एक धोका आहे. तो एकदा पटला की बाप म्हणतो, मग दोन एकर विकले तरी चालेल. येथे थांबायला हवे. अशा वेळी मला पैठणच्या नाथमहाराजांची आठवण होते.

नाथांची ती कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन यात्रेकरू रामेश्वराला निघालेले. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी आपल्या कावडीतली गंगा त्याच्या मुखी घातली. सोबतचे लोक हळहळले, एवढ्या लांबून आणलेले पाणी वाया गेले म्हणून. नाथांना मात्र रामेश्वर तेथेच भेटला.

ही कथा मी आयुष्यभर सांगितली, पण तिच्यातल्या एका गोष्टीकडे श्रोत्यांचे लक्ष सहसा जात नाही. नाथांनी कावड रिती केली ती स्वतःची. शेजारी चालणाऱ्यांच्या खांद्यावरही भरलेल्या कावडी होत्या. नाथांनी त्यांना हात लावला नाही. दया करताना आपले ते सगळे दिले, पण दुसऱ्याचे उचलून दया केली नाही. आणि दुसरी गोष्ट. गाढव पाणी पिऊन उठले आणि आपल्या पायांनी गेले. नाथांनी त्याला खांद्यावर घेऊन रामेश्वरापर्यंत नेले नाही.

तुकोबारायांचे चरित्रही हेच सांगते. घरच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवायची ठरली, तेव्हा महाराजांनी आधी त्यांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाची, कान्होबांची अर्धी खते त्यांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली, असे परंपरा सांगते. एवढा विरक्त पुरुष, पण भावाच्या वाट्यावर त्याने वैराग्य केले नाही.

तर माउली, खर्चाचा पहिला नियम मी असा धरतो: आपली कावड रिती करावी, दुसऱ्याची करू नये. बापाच्या नावावरची ठेव ही बापाची कावड. पोराची मोटारसायकल, त्याचा महागडा मोबाइल, त्याचा पुढचा पगार ही पोराची कावड, आणि ती आधी मोकळी व्हावी. ज्याचा उपचार आहे त्याचे काहीतरी त्यात गेले पाहिजे. पण सुनेच्या अंगावरचे सोने हे स्त्रीधन आहे. त्यावर कायद्यानेही तिचाच हक्क आहे. नातीच्या शिक्षणाचे पैसे तिचे आहेत. सगळ्यांना जगवणारी जमीन सगळ्यांची आहे. त्यांना विचारल्याशिवाय त्यातला दमडाही घेऊ नये. आणि विचारायचे तर असे विचारावे की त्यांना नाही म्हणता येईल. चार पाहुण्यांत बसवून "तुझ्या नवऱ्यासाठी एवढेही करणार नाहीस का?" असे विचारून घेतलेल्या मंगळसूत्राला दान म्हणता येणार नाही. ती वसुली झाली.

आई येथे अडते. ती म्हणते, माझे औषध बंद करीन, माझ्या पाटल्या देईन, माझी कावड तर माझीच आहे ना? आहे. पण कावड रिती केल्यावर उरलेली वाटही चालायची असते. तिचे औषध बंद झाले तर सहा महिन्यांनी तिला दवाखान्यात नेणारे पाय दुसऱ्या कोणाचे तरी असतील. म्हणजे तिने आपली म्हणून दिलेली कावड शेवटी मुलीच्या किंवा सुनेच्या खांद्यावर जाते. ज्याचा भार पुढे दुसऱ्यावर पडणार नाही, तेवढेच खरोखर आपले.

दिंडीत आपण भिशी भरतो. ती सगळ्यांच्या जेवणाची असते. वाटेत एकाला ताप भरला तर त्याला ट्रकमध्ये बसवतात, औषध देतात, कोणीतरी सोबत थांबते. त्याला टाकून दिंडी जात नाही. पण त्याच्यासाठी सगळी भिशी एका मुक्कामी संपवतही नाहीत, कारण पुढच्या मुक्कामी बाकीच्यांना जेवायचे असते. घराचेही तसेच आहे.

येथे कोणी म्हणेल, जीव जात असताना महाराज हिशोब सांगत बसले. तसे नाही. जिवावर बेतले असेल, फिट आली असेल, रक्ताची उलटी झाली असेल, तर हिशोब नाही. त्या क्षणी जवळच्या दवाखान्यात न्यावे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे. तेथे मनोविकार विभागही आहे, आणि सरकारी दवाखान्यात केस पेपरला पडतात थोडकेच पैसे. पण जीव वाचवणे वेगळे आणि महिनाभर केंद्रात ठेवणे वेगळे. प्रत्येकाला केंद्रात राहावेच लागते असेही नाही. पुष्कळांना ओपीडीत येऊन-जाऊन, औषध आणि समुपदेशन घेऊन बरे वाटते. राहण्याची गरज आहे की नाही हे आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून जाणून घ्यावे. केंद्राची जाहिरात वाचून ते ठरवू नये.

दुसरा नियम गीतेच्या सतराव्या अध्यायातला, ज्यावर माउलींनी ज्ञानेश्वरीत निरूपण केले आहे. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिले ते सात्त्विक दान. मनातून कुढत, फळावर डोळा ठेवून दिले ते राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, अवमान करून दिले ते तामस. उपचाराचा खर्च हेही दानच आहे. त्याला ही तिन्ही मापे लावून पाहा.

देश म्हणजे जागा. पैसे भरण्यापूर्वी जागा डोळ्यांनी पाहावी. केंद्राची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ स्वतः किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोण धावेल? घरच्यांना भेटू देतात का? घरच्यांशीही बोलतात का, की फक्त पैसे घेतात? पावती देतात का? मध्येच माणूस घरी आला तर भरलेल्या पैशांचे काय? सुटून आल्यावर पुन्हा बोलावतात का? यांतल्या कशालाही नीट उत्तर नसेल तर तेथून उठावे. काही ठिकाणी रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेतात, मारहाण करतात, बांधून ठेवतात. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. पोराला मार खायला पाठवायचे आणि त्याचे पैसेही आपणच मोजायचे, यासारखे तामस दान दुसरे नाही.

काळ म्हणजे वेळ. भांडणाच्या रात्री निर्णय घेऊ नये. त्या रात्री बाप रागाने पैसे भरतो आणि पोरगा रागाने जातो. चार दिवस जाऊ द्यावेत. सकाळच्या वेळी, तो शुद्धीत असताना, समोरासमोर बसून बोलावे.

पात्र म्हणजे ज्याला द्यायचे त्याची तयारी. ती पूर्ण असावी असे मी म्हणत नाही. पूर्ण तयारी असती तर उपचार कशाला लागला असता? "मला हे झेपत नाही" एवढे तो म्हणाला तरी पुरे. तेवढेही म्हणत नसेल तर मोठी रक्कम भरण्यापूर्वी त्याला ओपीडीत न्यावे, समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी. तयारी हळूहळू होते, आणि तिला फारसा पैसा लागत नाही.

आणि राजस दानाची खूण तर घराघरात दिसते. पोरगा परत आला की उठता-बसता त्याला ऐकवायचे, तुझ्यावर एवढे घातले, तुझ्यापायी एवढे गेले. त्याला ते असह्य होते आणि तो पुन्हा बाटलीकडे जातो. बोलून दाखवल्याशिवाय जेवढे देता येईल, तेवढेच द्यावे. तो आकडा कमी असला तरी चालेल.

आता एक गैरसमज. जास्त पैसे घेणारे केंद्र जास्त चांगले, असे लोकांना वाटते. खोलीला एसी, बाहेर बाग, जेवायला चार भाज्या. चांगल्या सोयींना नावे ठेवायची नाहीत, पण दारू सुटते ती सोयींनी नाही. माउलींची पालखी ज्या आळंदी रस्त्याने पुण्यात येते, त्याच रस्त्याला येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. त्यांचे यजमान डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हेलावले, आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून, मनोरुग्णालयाच्या आवारातल्या जागेत हे काम उभे राहिले. तेथला उपचार साधारण ३५ दिवसांचा. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे नव्यांना आधार देतात. पुलंचा लाख रुपयांचा हात सुरुवातीला लागला. चाळीस वर्षे जे चालले ते या माणसांच्या बळावर.

जगात दुसरे एक उदाहरण आहे, त्यात तर फीच नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला, दुसरा शल्यचिकित्सक. एकमेकांशी मोकळे बोलून आपली दारू आटोक्यात राहते असे त्यांना दिसले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. तिच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. प्रवेशाला पैसा नाही, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत, बसणारेच आपापल्या खुशीने थोडे घालतात. एकाने आपली कथा सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. मला तर ते आपल्या भजनी मंडळासारखेच वाटते. सरकारच्या अनुदानावर चालणारी मोफत केंद्रेही आहेत. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तर माहिती मिळते, त्याला पैसे पडत नाहीत. हातात पैसा नाही म्हणून वाटच नाही, असे कोणी समजू नये. आणि विम्यावर विसंबून कोणी पैसे भरणार असेल, तर आधी विम्याचा कागद वाचून घ्यावा. पुष्कळ आरोग्य विम्यांतून व्यसनावरचा उपचार वगळलेला असतो.

स्वस्ताचाही एक सापळा असतो. "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशा पाट्या आपण पाहतो. जेवणातून पूड घालायची, त्याला कळू द्यायचे नाही. दारूवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या अशा असतात की त्या पोटात असताना माणूस प्यायला तर छातीत धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर त्या देतात त्या रुग्णाला सांगून, समजावून, तपासण्या करून. चोरून दिलेले औषध म्हणजे चार पैसे वाचवून विष कालवणे. शिवाय ते कळले की घरावरचा त्याचा उरलासुरला विश्वासही जातो.

तिसरा नियम वारीतूनच घेतो. आळंदीहून निघालेला वारकरी पहिल्याच मुक्कामाला सगळे पैसे संपवत नाही. पंढरी पुढे आहे हे त्याला ठाऊक असते. केंद्रातला महिना हा एक मुक्काम आहे. लोक सगळी पुंजी त्या मुक्कामाला घालतात आणि पोरगा घरी आला की काम झाले असे समजतात. खरी वाट तेथून सुरू होते. घरी आल्यावर पहिले वर्ष अवघड. जुने मित्र तेच, गुत्ता त्याच कोपऱ्यावर, पगार त्याच तारखेला. त्या वर्षात औषधाला, डॉक्टरकडे जाण्या-येण्याला, समुपदेशकाला, कामाचा खाडा पडला तर घरखर्चाला पैसा लागतो. म्हणून घालायची रक्कम ठरली की तिचे दोन भाग करावेत. एक मुक्कामाचा, एक वाटेचा. दोन्ही भाग पुरत नसतील तर महागडा मुक्काम सोडून साधा घ्यावा, पण वाटेचा भाग मोडू नये.

आणि वाटेत तो पुन्हा प्यायला तर? हे अवघड आहे, पण बोलले पाहिजे. पुन्हा घसरणे या आजारात नेहमीचे आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून कोणी औषध सोडत नाही. दुसऱ्यांदा उपचार करावाच. पण दुसऱ्या वेळी पहिल्यासारखेच पैसे भरून मोकळे होऊ नये. पहिल्या वेळी काय कमी पडले? औषध कोणी बंद केले? सभेला जाणे केव्हा सुटले? घरात काय बोलले गेले? याची उत्तरे काढून मग ठरवावे. पुन्हा केंद्रातच ठेवायला हवे की ओपीडी पुरेल, हे डॉक्टरला विचारावे. त्याच जागी, त्याच रीतीने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा पैसे ओतणे याला मी दया म्हणणार नाही. त्यात मोह असतो. बाप पोरासाठी नव्हे, स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी पैसे भरत असतो, आणि ती शांती महिनाभरच टिकते.

दया आणि मोह यांतला फरक एका गोष्टीने ओळखता येतो. दयेने दिलेले घेणाऱ्याला उभे करते, मोहाने दिलेले त्याला बसवून ठेवते. त्याला भाकरी द्यावी, रोख पैसा देऊ नये. डॉक्टरची फी डॉक्टरला द्यावी. गुत्त्यावरची उधारी फेडू नये. पडला असेल तर उचलून घरी आणावा, पण त्याच्या वतीने कंपनीत खोटी रजा कळवू नये. त्याने घरात हात उगारला तर सून आणि लेकरे यांना आधी सुरक्षित करावे. त्यासाठी त्याला घराबाहेर ठेवावे लागले तरी तो अधर्म नव्हे. या गोष्टींना पैसा लागत नाही, पण मन घट्ट करावे लागते, आणि ते पैसे देण्यापेक्षा अवघड आहे.

शेवटचे बोलणे आपल्या सांप्रदायिक मंडळींसाठी. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून दारू आणि कर्ज या दोन्हींवर कोरडे ओढले, कारण ही दोन्ही एकाच घरात शिरतात हे त्यांनी पाहिले होते. आज ज्या घरात हे दुःख आहे ते घर एकटे पडते. आपण गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह करतो. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, काल्याच्या दिवशीचा महाप्रसाद. आनंदाने करावे. पण त्याच सप्त्यातून थोडी रक्कम बाजूला ठेवता येईल. गावातल्या अशा एखाद्या माणसाला महिन्यातून एकदा डॉक्टरकडे नेण्याचे भाडे, वर्षभराची औषधे एवढ्यापुरती. पैसा जमत नसेल तर सोबत द्यावी. पगाराच्या दिवशी संध्याकाळी त्याला हरिपाठाला बोलवावे. केंद्रातून आलेल्या पोराला काम द्यावे आणि मजुरी त्याच्या संमतीने घरी पोचवावी. त्याच्या बायकोला "तूच नीट सांभाळले नाहीस" असे म्हणणाऱ्या तोंडाला आपण आवरावे. आणि तो दिंडीत आला तर कुजबुज करू नये. पंढरीच्या वाटेवर कोण काय होता हे विचारत नाहीत, तो चालतो आहे एवढे पुरते.

एका घराने सगळी कावड रिती करण्यापेक्षा दहा घरांनी एकेक ओंजळ दिली तर कोणाचीच कावड रिती होत नाही, आणि तहानलेलाही उठतो.

तेव्हा माउली, ज्याच्या घरी हा प्रश्न असेल त्याने एका सकाळी सगळ्यांना बसवावे, त्यालाही बसवावे. कागद घ्यावा. आजवर काय गेले ते लिहावे. कोणाची कावड कोणती ते लिहावे. मुक्कामाचे किती, वाटेचे किती ते लिहावे. सून जेवढे म्हणेल तेवढेच तिच्या नावापुढे लिहावे, आणि ती काहीच म्हणाली नाही तर तेथे शून्य लिहून पुढे जावे. पैशाला अशी मर्यादा घातली की मायेला मर्यादा घालावी लागत नाही. पैसा संपला तरी त्याला जेवायला वाढता येते, त्याचे ऐकता येते, त्याच्यासाठी पांडुरंगाला हाक मारता येते. ते कोणत्याच कागदावर लिहायचे नसते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.